मधली सोळा पानं

"हे तुम्ही वाचलंय?" पेंढारकरमॅडमनी एक मासिक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

मे महिन्यातली दुपार होती. इंग्रजी विभागाच्या खोलीत कूलर घरघरत होता, पण त्यातलं पाणी सकाळीच संपलं होतं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता. माझ्या एम.फिल.ची तोंडी परीक्षा चालू होती. समोर तिघं बसले होते. मधे पेंढारकरमॅडम, कोल्हापूरहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक. त्यांच्या उजव्या हाताला माझे मार्गदर्शक सबनीससर. डावीकडे विभागप्रमुख बोरसेसर.

मी मासिक उघडलं. हैदराबादहून निघणारं कुठलंसं इंग्रजी मासिक होतं, फेब्रुवारी सत्त्याण्णवचं. मॅडमनी खूण घातलेल्या पानावर लेखाचं शीर्षक होतं, 'डॉक्टर आणि घोडेवाला : दोन पुरुष, दोन नीती'. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं हेच नाव होतं. खाली पहिलं वाक्य. तेही माझं. दुसरं, तिसरं, सगळंच माझं. कॉलेजमागच्या खोलीत कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक वाक्य मी जुळवलेलं होतं. शीर्षकाखाली नाव होतं डॉ. एस. व्ही. सबनीस.

"सहा पानं शब्दाला शब्द तीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "हा लेख फेब्रुवारीत छापून आला. तुमचा प्रबंध एप्रिलमध्ये दाखल झाला. याला काय म्हणतात, ते मी सांगायला हवं का?"

मी सबनीससरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, खिशातला रुमाल काढला आणि काचा पुसायला लागले. अगदी सावकाश.

"मॅडम, दोष माझाच आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "माझी टिपणं मी मुलांच्या हातात मोकळेपणानं देतो. मुलं भारावून जातात, मग आपलं कुठलं आणि सरांचं कुठलं हे त्यांना कळेनासं होतं. संदर्भ द्यायचा राहून जातो. वैजयंती हुशार आहे हो. तिचं भविष्य आहे पुढं. एवढं एक प्रकरण ती पुन्हा लिहून देईल. काय, बाळ?"

आणि मी म्हणाले, "सॉरी, सर."

आज पंचवीसहून जास्त वर्षं झाली. ते दोन शब्द आठवले की अजून माझे कान तापतात. माझं लिखाण माझ्यासमोर चोरीला गेलेलं होतं आणि चोरानं मला माफ केलं, म्हणून मी त्याला सॉरी म्हणाले.

"सॉरी कशाचं?" बोरसेसर एकदम ओरडले. त्यांना हळू बोलताच यायचं नाही. शेजाऱ्याच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं ते वर्गात शिकवायचे. गालात तंबाखू असायची. पहिल्याच तासाला त्यांनी मला विचारलं होतं, "फेगडे, इंग्रजी शिकून काय केळीला पाणी देणार का?" सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी त्यांच्या सावलीलाही उभी राहत नव्हते.

"चोरलंय का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग सॉरी कशाचं म्हणतेस? मुकी झालीस का? नाही चोरलं, तर तोंड उघड आणि सांग."

"बोरसे, मुलीवर कशाला चिडता," सबनीससर हसून म्हणाले.

ते हसले नसते तर मी कदाचित गप्पच बसले असते.

"हे माझं आहे," मी म्हणाले. "हे सगळं मी लिहिलंय. सप्टेंबरात कच्चा खर्डा सरांना दिला होता. हातानं लिहिलेला. त्यांनी तो परत दिला नाही. मी दोनदा मागितला, तर म्हणाले, घरी कुठं तरी ठेवलाय."

"प्रत आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग मी काय धरून चालू?" त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या. त्या नुसत्या विचारत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "आणखी एक मला कळलेलं नाही. पहिली सहा पानं तीच, पण शेवट उलटा. लेखात डॉक्टर थोर ठरतो. तुमच्या प्रबंधात तोच डॉक्टर भेकड ठरतो. चोरी करणारा माणूस शेवट कशाला उलटा करेल?"

आता त्या कादंबरीबद्दल थोडं सांगायला हवं. जुनी अमेरिकन कादंबरी आहे, नदीकाठच्या एका छोट्या गावाची. त्या गावात एक डॉक्टर असतो. सभ्य, गोड बोलणारा, संध्याकाळी व्हायोलिन वाजवणारा. आणि एक घोड्यांचा व्यापारी असतो. शिवराळ, दारुडा, सगळ्या गावाशी भांडण काढलेला. डॉक्टरच्या घरी एक मोलकरीण असते. कादंबरीच्या मध्यावर ती गाव सोडून जाते. पुढं डॉक्टर तिच्या म्हाताऱ्या आईला स्वतःच्या जागेत घर बांधून देतो. घोडेवाला तुरुंगात जातो. मी दोघांची तुलना केली होती. माणुसकी कशी असते ते डॉक्टरकडे बघावं आणि माणूस कसा वाया जातो ते घोडेवाल्याकडे बघावं, असं मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. मला तो डॉक्टर फार आवडला होता. खरं तर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं सबनीससरच होते. मला बाळ म्हणणारे, स्वतःची पुस्तकं घरी न्यायला देणारे, कधीही आवाज न चढवणारे.

मासिक माझ्या हातात होतं. मी शेवटचं पान काढलं. 'ती मुलगी निघून गेल्यावरही डॉक्टर तिच्या आईला विसरत नाही. निरपेक्ष दातृत्वाचं असं उदाहरण विरळा.' माझंच वाक्य. सप्टेंबरातलं. ते वाचताना मला एकदम काहीतरी कळलं, आणि भीती गेली.

"मॅडम, मी सरांना एक प्रश्न विचारू?"

"परीक्षा तुमची आहे," मॅडम म्हणाल्या.

"विचारू द्या हो," बोरसेसर म्हणाले. "एवढं मोठं लिहिलंय त्यांनी. सांगतील की."

"सर, घोडेवाला तुरुंगात का जातो?"

सबनीससरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अगं, ते लेखात आहे माझ्या. दारूच्या भरात तो मारामारी करतो. त्याचा स्वभावच तो."

"कोणाशी मारामारी करतो?"

"असेल गावातला कोणी. तपशील महत्त्वाचा नाही, बाळ. आपण प्रवृत्ती पाहतो."

"आणि कोर्टात डॉक्टर काय सांगतो?"

"कोणतं कोर्ट?" सबनीससरांनी विचारलं.

पेंढारकरमॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"सबनीससर," त्या म्हणाल्या, "ती कादंबरी ज्यासाठी ओळखली जाते तो प्रसंग कोर्टाचा आहे."

मीच बोलले. आता थांबणं शक्यच नव्हतं.

"मॅडम, आपल्या लायब्ररीत त्या पुस्तकाची एकच प्रत आहे. तिच्या बांधणीत एक फर्मा गळालाय. दोनशे आठ पानानंतर एकदम दोनशे पंचवीस येतं. मधली सोळा पानं नाहीत. मला ते कळलं नव्हतं. त्या पानाशी वाक्य बरोबर संपतं आणि पुढं नवीन प्रकरण चालू होतं, मला वाटलं लेखकानं मधलं सांगितलंच नाही. खर्डा मी त्याच प्रतीवरून लिहिला. डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले, तिथल्या लायब्ररीत पूर्ण पुस्तक मिळालं. त्या सोळा पानांत खटला आहे. डॉक्टरच्या हातून औषध चुकतं आणि एक मूल दगावतं, आळ येतो मोलकरणीवर. डॉक्टर साक्षीला उभा राहतो आणि गप्प बसतो. सगळ्या कोर्टात एकटा घोडेवाला उठून ओरडतो, की ही पोर खोटी नाही. कोर्टाचा अपमान केला म्हणून त्याला तुरुंगात टाकतात. पुण्याहून आल्यावर मी प्रकरणाचा शेवट पूर्ण बदलला. नवीन प्रकरण सरांना दिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी सही करून दिली. म्हणाले, छान झालंय, बाळ."

"पुस्तक आणा," मॅडम म्हणाल्या.

मी पळतच लायब्ररीत गेले. येताना जिन्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकून मी एका पायानं अनवाणी खोलीत आले. मॅडमनी दोनशे आठवं पान काढलं, उलटलं. पुढं दोनशे पंचवीस. त्यांनी बोटानं शिलाईची जागा चाचपून पाहिली. मग पुस्तक सबनीससरांच्या पुढं ठेवलं.

"तुम्ही कुठली प्रत वाचली होती?"

"मॅडम, फार वर्षांपूर्वी वाचलेली कादंबरी आहे. स्मरणाचा भाग असतो."

"तुमचं स्मरण यांच्या फाटक्या पुस्तकाशी पानापानाला जुळतं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मला पुढचे प्रश्न विचारले, दोन की तीन. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही उत्तीर्ण आहात. माझ्या अहवालात मी जे पाहिलं ते लिहीन. पण अहवाल म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार तुम्हाला करावी लागेल, लेखी, स्वतःच्या नावानं. कराल?"

"करीन."

बाहेर व्हरांड्यात सबनीससर माझी वाट पाहत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. मी उन्हातून आलेली पाहुणी असावी तसे ते माझ्याकडे बघत होते.

"आज फार दमलीस तू," ते म्हणाले. "घरी जा, जेव, झोप. उद्या निवांत बोलू. दोघांच्या नावानं लेख पुन्हा छापता येतो, त्यात काही अवघड नाही. तुला नोकरी लागायची आहे अजून, बाळ."

"मला बाळ म्हणू नका."

"अगं..."

"माझं नाव वैजयंती फेगडे. ते लिहायला तुमचा हात अडला, आता तोंडानं तरी घ्या."

मी इतक्या जोरात बोलले की ऑफिसमधले दोघं दारात आले. सर जिना उतरून गेले. जातानाही ते हळूच गेले.

बोरसेसर सायकल स्टँडजवळच्या नळाशी उभे होते, तंबाखू थुंकून चूळ भरत होते. मी त्यांच्याकडे गेले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्यांना मी रानटी समजत होते, तेच माझ्यासाठी ओरडले होते.

"सर, तुम्ही बोलला नसता तर..."

"राहू दे, राहू दे." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "मला ठाऊकच होतं. त्या तडवीच्या पोरीच्या वेळेलाही हेच केलं होतं त्यानं."

"कोणाच्या?"

"जुबेदा तडवी. तुझ्या दोन वर्षं पुढं होती. तिच्याही परीक्षेला हा असाच चष्मा पुसत बसला होता. मुलं भारावून जातात, संदर्भ राहतो, तेच सगळं. ती नुसती रडत होती. परीक्षक म्हणाला, प्रबंध मागं घ्या. घेतला तिनं, आणि गेली."

"तुम्ही होता तिथं?"

"होतो की. तेव्हा प्रभारी प्रमुख होतो, मीच तर अध्यक्ष."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"तिचं काम मी पाहिलं होतं. तिचंच होतं ते."

"मग तेव्हा का नाही ओरडला?"

त्यांनी नळ बंद केला. "तेव्हा माझ्या प्रमुखपदाची फाइल वर गेली होती. सबनीसची वरपर्यंत ओळख. आता झालो प्रमुख, आता तो माझं काय वाकडं करतो?"

"म्हणजे आज तुम्ही माझ्यासाठी नाही बोललात."

"कोणासाठी का असेना, झालं ना तुझं काम?" त्यांचा आवाज चढला. "नशीबवान आहेस तू. ती पानं गळालेली होती म्हणून सुटलीस. नाहीतर तूही गेली असतीस गाठोडं बांधून."

"सर, तिनं गाठोडं बांधलं तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून बघत होता!"

"ए, आवाज खाली! कोणाशी बोलतेस?"

"त्यांनी चोरलं आणि तुम्ही बघितलं. काय फरक आहे तुमच्यात? आवाजाचाच ना?"

"बाप म्हणून समजावतोय तर..."

"तुम्ही दोघं मला काहीच म्हणू नका," मी म्हणाले आणि एका पायात चप्पल नसलेली तशीच फाटकाबाहेर पडले. डांबरावरून चालताना तळवा भाजत होता. मला ते बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी यावलच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला गेले. तिथल्या एका आश्रमशाळेत जुबेदाताई शिकवत होत्या, एवढं ऑफिसमधून कळलं होतं. सुट्टी लागली होती, तरी त्या शाळेच्याच आवारातल्या एका खोलीत राहत होत्या. उंच, सावळ्या, ओढणी कमरेला खोचलेली. दाराशी वाळवणासाठी टाकलेल्या खाटेवर त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मासिक, कोर्ट, सोळा पानं, बोरसेसर. सांगताना मला पुन्हा संताप आला, रडूही आलं. त्यांचा चेहरा हलला नाही.

"तर आपण दोघींनी मिळून तक्रार करायची," मी म्हणाले. "तुमच्यावर केवढा अन्याय झाला, ताई. आणि कोणी एक शब्द बोललं नाही."

"बोललं होतं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तू."

मला काही समजेना.

"माझी परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. हॉस्टेलच्या मेसमध्ये. तुम्ही पाच-सहा जणी टेबलावर बसला होता आणि मी ताट घेऊन मागं रांगेत उभी होते. कोणीतरी विचारलं, त्या तडवीचं काय झालं? तू काय म्हणालीस, आठवतं का?"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं, की त्या दिवशी ताटात मटकीची उसळ होती हेसुद्धा.

"तू म्हणालीस, राखीव जागेवर आलेल्यांना कॉपीशिवाय काय येणार. सबनीससर म्हणून त्यांनी सोडून दिलं. सगळ्या हसल्या. मी ताट परत ठेवलं आणि खोलीवर जाऊन सामान भरलं."

मी ते म्हणाले होते. मी जुबेदाताईंचं एक पानही वाचलेलं नव्हतं. त्यांच्याशी कधी दोन शब्द बोललेली नव्हते. मला फक्त सबनीससर माहीत होते, ते गोड बोलायचे, म्हणून ते खरे.

"सबनीससरांचा मला राग आला," जुबेदाताई म्हणाल्या. "बोरसेसरांचाही आला. पण ते मोठे होते, त्यांचा काहीतरी फायदा होता. तुझा काय फायदा होता गं?"

"काही नाही."

"हेच मला कधी समजलं नाही."

आत जाऊन त्यांनी मुलांची एक वही आणली, मधलं जोडपान काढलं, माझ्यापुढं ठेवलं. पेन दिलं.

"पत्र लिहायचं ना? लिही. पण सुरुवात तुझ्या त्या वाक्यानं कर. मग सबनीससर. मग बोरसेसर. आणि पहिली सही माझी. मी आधी गेले होते."

त्या पत्राचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. विद्यापीठाची चौकशी दीड वर्ष चालली. पेंढारकरमॅडम कोल्हापूरहून दोनदा स्वखुशीनं साक्षीला आल्या. बोरसेसरांनी समितीपुढं सांगितलं, तडवी नावाची विद्यार्थिनी आपल्याला आठवत नाही. सबनीससरांची मार्गदर्शक म्हणून मान्यता काढून घेतली, एवढंच. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा मोठा सत्कार झाला आणि भाषणात सगळ्यांनी त्यांच्या मृदू स्वभावाचं कौतुक केलं. जुबेदाताईंनी दुसऱ्या मार्गदर्शकाकडं प्रबंध पुन्हा दाखल केला. त्यांना पदवी मिळाली, सहा वर्षं उशिरा. मला ते पेपरात वाचून कळलं.

पण त्या दिवशी खाटेवर बसून मी लिहीत होते तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिलं वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. जुबेदाताई समोर उंबऱ्यावर बसून होत्या, त्यांनी घाई केली नाही. मी लिहिलं, 'श्रीमती जुबेदा तडवी यांनी प्रबंध चोरला असे मी गैरसमजातून चार लोकांत बोलले आणि त्यांच्या जातीवरून त्यांची टिंगल केली.'

कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'गैरसमजातून' या शब्दावर एक सरळ रेघ मारली.

"गैरसमज नव्हता तो," त्या म्हणाल्या. "आता पुढचं लिही."